मुंबईची 39 मिनिटं

मुख्याध्यापिकाबाई, शाळा समितीचे अध्यक्ष, शिक्षक, पालक आणि नाचाचे कपडे घालून, हे भाषण कधी संपतंय याची वाट पाहत पडद्यामागे उभ्या असलेल्या मुलामुलींनो, नमस्कार.

मला पत्रात विषय दिलाय, 'करिअरची निवड'. तयारीही केली होती. पण फाटकातून आत आलो आणि पहिल्याच रांगेत आमच्या भूगोलाच्या बाई दिसल्या. आता मार्गदर्शन कसलं करतो! बाई, बघा, तुमच्यासमोर बोलताना हात अजून आपोआप मागेच जातात. तेव्हा करिअर राहू दे, घड्याळाची एक गोष्ट सांगतो.

आमच्या वेळी शाळेला घंटा होती, पण तिला विचारतो कोण? लालबाग-परळचं पोर गिरणीच्या भोंग्यावर उठायचं आणि भोंग्यावरच जेवायला बसायचं. माझी आजी गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. सकाळचा भोंगा झाला की म्हणायची, "हे सरकारी सात. आपल्या टायमानं अजून साडेसहासुद्धा नाही झाले." आम्ही हसायचो. म्हातारीचं आपलं काहीतरी! तुमच्याही घरी आजीच्या बोलण्यावर हसणं चालूच असेल.

पुढे रेल्वेत लागलो, वेळापत्रकाच्या कामावर आलो. जुनी वेळापत्रकं चाळताना कळलं, आजीचा हिशेब मिनिटाला पक्का होता.

जरा गणित करा. पृथ्वीला एक अंश फिरायला 4 मिनिटं लागतात. मुंबई साधारण 72.8 रेखांशावर. चारने गुणलं की 291 मिनिटं, म्हणजे ग्रीनिचच्या पुढे 4 तास 51 मिनिटं. हा 'मुंबई टाइम'. मद्रासला वेधशाळा होती, म्हणून रेल्वेनं मद्रास टाइम धरला, 5 तास 21 मिनिटांचा. बोरीबंदरच्या बाहेर नऊ वाजले असतील तर आत गाडीच्या हिशेबानं साडेनऊ! गव्हर्नर फर्ग्युसन, हो, पुण्याच्या कॉलेजला ज्यांचं नाव आहे तेच, त्यांनी 1881 मध्ये सगळ्या मुंबईला मद्रास टाइम लावून पाहिला. लोकांनी इतका विरोध केला की 1883 मध्ये तो मागे घ्यावा लागला.

मग 1 जानेवारी 1906 पासून सरकारनं 82.5 रेखांशाची, साडेपाच तासांची वेळ आणली. आज तुमच्या मोबाइलवर दिसते ती हीच. मुंबईचं घड्याळ एकदम 39 मिनिटं पुढे गेलं. बंगल्यातल्या साहेबाला त्याचं काय? फरक पडला तो चाळीतल्या माणसाला. सूर्य आपल्या वेळेलाच उगवणार, पण याला थंडीत, अंधारात पाऊण तास आधी उठायचं. त्याच महिन्यात गिरणी कामगारांनी नव्या वेळेविरुद्ध काम बंद पाडलं. आणि आपली महापालिका? तिनं मुंबई टाइम सोडलाच नाही. इंग्रज गेले, राज्यघटना आली, तरी सोडला नाही. तो गेला 1955 मध्ये. माझ्या आईबाबांच्या लग्नपत्रिकेत मुहूर्तापुढे 'स्टँ. टा.' छापलंय, म्हणजे स्टँडर्ड टाइम. नाहीतर अर्धं वऱ्हाड अक्षता पडून गेल्यावर पोचलं असतं.

एवढी मोठी गोष्ट, आणि एका पिढीत साफ विसरली गेली! म्हणून माझा एकच हट्ट आहे. 'पहिल्यापासून असंच आहे' हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. पहिल्यापासून म्हणजे कधीपासून? कोणी ठरवलं? कोणाच्या सोयीनं? हे विचारायचं. शिक्षकांना विचारा, साहेबाला विचारा, घरच्यांना तर विचाराच. आत्ता मंडपामागून बटाटेवड्यांचा वास येतोय. आपला मराठी वडा, पहिल्यापासूनचा! अरे, त्यातला बटाटा आणि मिरची दोन्ही अमेरिका खंडातल्या, पोर्तुगीजांच्या काळात आपल्याकडे आल्या. ज्ञानेश्वरांच्या आळंदीत मिरची नव्हती, जेवणातला तिखटपणा मिऱ्याचा असायचा. तेव्हा पुन्हा सांगतो, 'पहिल्यापासून' हा शब्द आला की कान टवकारायचे.

करिअरच्या निवडीवरची चार पानं खिशात आहेत. ती तिथेच राहू देत. तिसऱ्या रांगेत आमच्या वर्गातली मंडळी बसलीयेत. त्यांच्या चेहऱ्यावरून कळतंय की त्यांना भाषणापेक्षा वड्यांची जास्त काळजी आहे. त्यातल्या दोघांनी शाळेचं घड्याळ दहा मिनिटं पुढे करून अख्ख्या वर्गाला लवकर सोडवलं होतं. नावं सांगत नाही, त्यांचे नातू इथेच सहावीत आहेत.

मुख्याध्यापिकाबाई, तुमच्याकडे एक मागणं आहे. शाळा 1955 च्या बरीच आधीची आहे. कार्यालयातल्या लाकडी कपाटात त्या वेळच्या सूचनावह्या असतील. त्या नववीच्या वर्गाला बघायला द्या. शाळा कोणत्या टायमानं भरायची, मुंबईच्या की स्टँडर्ड, एवढं पोरांना शोधू द्या. वाळवी त्यांच्याआधी तिथे पोचायला नको, तेव्हा कपाट या आठवड्यातच उघडा.