ठिणगी पडण्याआधी

उसाची ट्रॉली आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. दोन लांब चॅनेल, त्यांना जोडणारे आडवे चॅनेल, वर पत्रा आणि हे सगळं धरून ठेवणारं वेल्डिंग. पण कागदावर सरळ असलेला हा सांगाडा वर्कशॉपमधून बाहेर पडताना कधी वाकलेला असतो, कधी त्याला पीळ पडलेला असतो. बोल लागतो तो वेल्डरला. पुष्कळदा चूक असते नियोजनाची.

पोलाद साधारण दीड हजार अंश सेल्सिअसला वितळतं. वितळलेला धातू थंड होताना आकसतो आणि शेजारच्या धातूला ओढून घेतो. एकाच बाजूनं सलग वेल्ड मारत गेलं, तर चॅनेल तिकडे वळणारच. म्हणून आधी टॅक, म्हणजे छोटे तात्पुरते टाके, मारायचे, मग मधून टोकांकडे, दोन्ही बाजूंनी आलटून-पालटून जायचं. हा क्रम संगणकावरच्या त्रिमिती आराखड्यात आधीच ठरवता येतो. सांगाडा किती वेळा उलटवावा लागेल, बंदिस्त कोपऱ्यात टॉर्च पोहोचेल का, हेही तिथंच दिसतं. पडद्यावर तुकडा सरकवायला काही क्षण पुरतात. लोखंडात तीच दुरुस्ती म्हणजे गॅस कटिंग, ग्राइंडिंग आणि वाया गेलेला दिवस.

आता वेल्डचं माप. मजबुतीच्या नावाखाली ६ मिलिमीटरच्या जागी ८ मिलिमीटरचा फिलेट, म्हणजे कोपऱ्यातला तिकोनी वेल्ड, भरला जातो. हिशेब करून पाहा. ६ मिलिमीटरच्या फिलेटला मीटरमागे सुमारे १४० ग्रॅम धातू लागतो, ८ च्या फिलेटला सुमारे २५०. माप वाढलं दोनच मिलिमीटर, धातू मात्र पाऊणपटीहून जास्त. वेळ वाढला, वीज वाढली, उष्णता वाढली आणि वाकणंही वाढलं. म्हणून प्रत्येक सांध्याचं माप भारानुसार काढून ड्रॉइंगवर लिहिलंच पाहिजे.

संगणकावरचं हे नियोजन फक्त मोठ्या कारखान्यांना परवडतं, असं मानू नका. फ्रीकॅडसारखं त्रिमिती आराखड्याचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं. खरी उणीव वेगळीच आहे. ड्रॉइंग करणारा आणि वेल्डर एकमेकांशी बोलत नाहीत. फट कुठे पडते, हात कुठे अडतो, हे वेल्डरला पक्कं ठाऊक असतं. त्याला कुणी विचारत नाही.

वर्कशॉपच्या मालकांना माझी कळकळीची विनंती आहे. प्लेट कापायला देण्यापूर्वी वेल्डरला पडद्यासमोर खुर्ची द्या आणि सांध्यांना क्रमांक त्याच्याशी बोलून घाला. अनुभव आणि गणित एका ड्रॉइंगवर आले, तर आपल्या छोट्या वर्कशॉपमधूनही सरळ आणि भरवशाचा माल बाहेर पडेल.