हाड जुळते, दुखणे राहते

ओल्या फरशीवर पाय घसरला की माणूस तोल सावरायला हात टेकतो आणि मनगटाच्या जरा वर, अंगठ्याच्या बाजूचे हाड मोडते. उतारवयात, त्यातही स्त्रियांमध्ये, हा अस्थिभंग फार आढळतो. आयर्लंडमधील शल्यचिकित्सक अब्राहम कॉलिस यांनी त्याचे वर्णन १८१४ साली केले, तेव्हा क्ष-किरणांचा शोध लागायला ऐंशी वर्षे अवकाश होता. हाड बसवून साधारण पाच-सहा आठवडे प्लॅस्टर ठेवतात आणि बहुतेकांचा हात पुढच्या काही महिन्यांत पहिल्यासारखा कामाला लागतो. थोड्यांच्या बाबतीत मात्र हाड नीट जुळते आणि दुखणे वाढत जाते.

या दुखण्याचे रूप नेहमीच्या ठणक्याहून वेगळे असते. हाताची आग होते. पंख्याचा वारा झोंबतो, साडीचा पदर किंवा शर्टाची बाही नुसती घासली तरी कळ उठते. बोटे सुजतात, कातडी ताणल्यासारखी तुकतुकीत दिसते. हात कधी लाल आणि गरम, तर कधी निळसर आणि गार पडतो. त्याच एका हाताला दरदरून घाम येतो. नखे व लव कधी जास्त वाढतात, कधी खुंटतात. मूठ वळत नाही. काही रुग्णांना तर तो हात आपला वाटेनासा होतो, हलवायचा तर त्याच्याकडे बघावे लागते. एक्स-रेमध्ये मात्र हाड जुळलेले दिसते, रक्ताचे अहवाल ठीक येतात, आणि घरात कुजबुज सुरू होते की हे सगळे मनाचे खेळ आहेत.

ते मनाचे खेळ नाहीत. या विकाराला कॉम्प्लेक्स रिजनल पेन सिंड्रोम, थोडक्यात सीआरपीएस, म्हणतात. अमेरिकेतील यादवी युद्धात गोळी लागलेल्या सैनिकांवर फिलाडेल्फियात उपचार करताना सायलस वेअर मिचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८६४च्या पुस्तकात अशीच आग नोंदवली होती. जखम भरलेले ते सैनिक पाण्याची बाटली आणि स्पंज जवळ बाळगत आणि हात क्षणभरही कोरडा पडू देत नसत. पुढे १९०० साली जर्मनीत पाउल झुडेक यांना अशा रुग्णांच्या एक्स-रेमध्ये हाडे विरळ झालेली दिसली. आजचे नाव १९९०च्या दशकातले. निदानाचे निकष त्याहून नवे, बुडापेस्ट येथे २००३ साली भरलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीतून आलेले. निकष किती सैल किंवा कडक लावायचे यावर रुग्णसंख्या फार हलते. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या एका जिल्ह्यातील पाहणीत दर लाख लोकांमागे वर्षाला साडेपाच नवे रुग्ण आढळले, तर नेदरलँड्समध्ये सव्वीस. विकार विरळा आहे हे दोन्ही आकडे सांगतात. पुरुषांपेक्षा स्त्रियांना तो तिपटीहून अधिक होतो, आणि अस्थिभंग हे त्याचे सर्वांत नेहमीचे निमित्त असते. कधी साधा मुरगळलेला घोटा किंवा छोटी शस्त्रक्रियाही पुरते.

असे का होते याचे एकच उत्तर नाही. इजा झालेल्या जागी दाह नेहमीपेक्षा जास्त होतो आणि रेंगाळतो. रक्तवाहिन्या व घाम यांवर ताबा ठेवणाऱ्या मज्जातंतूंचे तंत्र बिघडते, म्हणून रंग आणि तापमान बदलते. शिवाय मज्जारज्जू आणि मेंदू वेदनेच्या संदेशांना अधिकाधिक हळवे होत जातात. चोर निघून गेल्यावरही राखणीचा कुत्रा भुंकत राहावा, तशी ही स्थिती. भुंकणे खरे असते, पण त्यावरून आत्ता घरात कोण आहे हे कळत नाही. म्हणजेच या विकारात दुखण्याच्या तीव्रतेवरून हाडाला किंवा स्नायूला नव्याने इजा होते आहे असे मानता येत नाही. उपचारांची सारी दिशा या एका गोष्टीवरून ठरते.

निदान डॉक्टर तपासूनच करतात; त्यासाठी ठरलेली अशी एकही चाचणी नाही. इजेच्या मानाने फार जास्त आणि न थांबणारे दुखणे, स्पर्शाची अतिसंवेदना, दोन हातांच्या रंगात वा तापमानात फरक, सूज किंवा घाम, हालचाल, नखे, कातडी यांतील बदल, अशा खुणा एकत्र पाहिल्या जातात. त्याआधी दुसरी कारणे वगळावी लागतात. जंतुसंसर्ग, शिरेत रक्ताची गुठळी, दबलेली नस किंवा न जुळलेले हाड यांतही असेच दिसू शकते. प्लॅस्टर असतानाच बोटे निळी किंवा पांढरी पडली, बधिर झाली किंवा दुखणे तासागणिक वाढू लागले तर सकाळची वाट न पाहता त्याच वेळी रुग्णालय गाठावे लागते. ती सीआरपीएसची खूण नव्हे, रक्तपुरवठा अडल्याची असू शकते.

लवकर ओळखलेला विकार बराच आटोक्यात येतो आणि बहुतेकांचा त्रास पहिल्या वर्षभरात पुष्कळ उतरतो. बरे होण्याचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे प्रेमाने दिलेला सल्ला: हात जपा, हलवू नका. गळ्यात अडकवलेला हात आखडतो, हाडे आणखी विरळ होतात, आणि वापरात नसलेल्या हाताचा मेंदूतील नकाशाही पुसट होऊ लागतो. म्हणून प्लॅस्टर असतानाच मोकळी बोटे, कोपर आणि खांदा दिवसातून अनेकदा हलवायचे असतात. उलट टोकही तितकेच वाईट. हाडवैद्याकडे जोराने चोळून घेणे किंवा आखडलेली बोटे बळजबरीने ओढणे यांनी दाह भडकतो. शेकाचेही तसेच. बधिर कातडीला गरम कळत नाही आणि भाजते. बर्फ फार वेळ धरणेही सोसत नाही.

फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांच्या देखरेखीखालचा व्यायाम हा उपचाराचा कणा. त्यातला बराचसा घरातल्याच वस्तूंनी होतो. स्पर्शाची सवय लावण्यासाठी आधी कापूस, मग मऊ सुती कापड, मग खरखरीत टॉवेल असे चढत्या क्रमाने हातावर फिरवतात. तांदळाच्या डब्यात बोटे खुपसून हलवतात. कणीक मळणे, ओले फडके पिळणे, गुडघ्यांवर बसून फरशी पुसणे, हलकी पिशवी उचलून चालणे हे सारे उपचारच. मापाचा नियम असा की व्यायामानंतर दुखणे थोडे वाढले आणि काही वेळात पूर्वपदावर आले तर चालते. रात्रभर ठणकले आणि सूज चढली तर दुसऱ्या दिवशी व्यायाम बंद न करता निम्मा करायचा. बरे वाटले त्या दिवशी आठवड्याची कामे उरकण्याचा मोह होतो आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात जातात. तो मोह आवरणे बहुतेकांना व्यायामाहून अवघड जाते.

आरशाचा उपयोगही केला जातो. मेंदूशास्त्रज्ञ विलायनूर रामचंद्रन यांनी १९९०च्या दशकात कापलेल्या अवयवाच्या वेदनेसाठी ही युक्ती वापरली. आरसा असा उभा ठेवतात की दुखरा हात मागे झाकला जातो आणि चांगल्या हाताचे प्रतिबिंब त्याच्या जागी दिसते. इंग्लंडमध्ये २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात ताज्या सीआरपीएसमध्ये याने वेदना कमी झाल्या, जुनाट विकारात झाल्या नाहीत.

औषधे व्यायाम शक्य व्हावा म्हणून असतात. सुरुवातीच्या दाहावर काही काळ स्टेरॉइड, मज्जातंतूंच्या वेदनेवर गॅबापेंटिन किंवा ॲमिट्रिप्टिलिन, हाडांसाठी बिस्फॉस्फोनेट गटातील औषधे दिली जातात. ॲमिट्रिप्टिलिन नैराश्यावरही वापरतात. चिठ्ठीत ते नाव वाचून डॉक्टरांनी वेड्यात काढले असा समज करून घेण्याचे कारण नाही, वेदनेसाठीचा डोस बहुधा कमी असतो. औषधांनी न भागल्यास मज्जातंतूंना बधिर करणारी इंजेक्शने किंवा मज्जारज्जूजवळ बसवायचे विद्युत उपकरण हे पर्याय पेन क्लिनिकमध्ये असतात. मोठ्या रुग्णालयांत हा विभाग बहुधा भूलतज्ज्ञांकडे असतो. पुनर्वसनासाठी मुंबईत हाजी अली येथे १९५५ सालापासूनची अखिल भारतीय संस्था आहे. वैतागून हात किंवा पायच कापून टाकण्याची मागणी काही रुग्ण करतात. वेदना त्याने जातीलच असे नाही, उरलेल्या भागात पुन्हा सुरू होऊ शकतात.

झोप उडणे, चिडचीड, उदासी या दुखण्याच्या मागोमाग येतात आणि त्यांच्यामुळे दुखणे आणखी बोचते. समुपदेशनाचा फायदा होतो तो यासाठी. घरच्यांनी दर तासाला किती दुखते हे विचारण्यापेक्षा आज काय काय जमले हे विचारलेले बरे. सगळी कामे हातातून काढून घेणे जेवढे चुकीचे, तेवढेच सोंग म्हणून हिणवणेही.

विकार ओसरल्यावरही तो पुन्हा उद्भवू शकतो. त्यामुळे पुढे कधी त्याच हातावर शस्त्रक्रिया करायची वेळ आली, तर आधी सीआरपीएस होऊन गेल्याचे सर्जन आणि भूलतज्ज्ञ या दोघांनाही सांगावे लागते. तातडीची नसलेली शस्त्रक्रिया सूज आणि आग पूर्ण शमेपर्यंत पुढे ढकलतात, आणि भूल कोणत्या प्रकारची द्यायची हेही त्यानुसार ठरते.