सापाचा घास

श्रोतेहो, नागपंचमी आली की आपल्या सातारा-सांगलीकडे दुधाची वाटी वारुळाकडे निघते. बत्तीस शिराळ्याचं नाव तर या सणाशी कायमचं जोडलेलं. पण साप दूध पितो का हो?

दूध हे त्याचं अन्नच नव्हे. ते त्याला पचत नाही. मग गारुड्याचा नाग पितो तो कसा? बरेच दिवस पाण्यावाचून ठेवलेला असतो म्हणून! तहानलेला जीव, पुढे येईल ते ओढतो.

आमच्या कॉलेजात एका विद्यार्थ्यानं उसात सापडलेलं अजगराचं पिल्लू डब्यातून आणलं होतं. पोरांनी दूध ठेवलं, भाकरी कुस्करून ठेवली. पिल्लानं ढुंकून पाहिलं नाही. त्याला हवा अख्खा उंदीर, तोही त्याच्या अंगाच्या जाडीच्या बेताचा. साप चावून खात नाही, गिळतो. आणि पचवायला त्याला ऊब लागते, निवांतपणा लागतो. गिळल्यावर कुणी हाताळलं तर घास उलटून टाकतो. एका उंदरावर त्याचा आठवडा सहज निभतो. 'उपाशी आहे बिचारं' हा आपला कळवळा फुकाचा.

दुसऱ्या दिवशी आम्ही पिल्लू वनखात्याच्या हवाली केलं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं अजगर पाळणं गुन्हाच आहे. शिवाय विषारी घोणस पुष्कळांना अजगराचं पिल्लूच वाटते! तेव्हा गुरुजी, असा डबा तुमच्या वर्गात आला तर तो उघडू नका. सावलीत ठेवा आणि वनखात्याचा १९२६ हा क्रमांक फिरवा.