दाबाचा काटा

१९८५ साली आलेल्या रेनॉ ५ जीटी टर्बोत टर्बो हवा दाबून कार्ब्युरेटरमध्ये ढकलतो. काटा कमी चढला, की लोक टर्बोलाच दोष देतात. मी आधी काट्याची नळी पाहतो. ती पाचदहा मिनिटांची गोष्ट. थ्रॉटलच्या अलीकडे जोडली असेल, तर इंजिन नुसतं सुरू असताना काटा शून्यावरच राहणार. पलीकडे असेल, तर शून्याखाली. मग दुसरा काटा लावून ताडून बघायचं. तोही कमीच दाखवत असेल, तर पाइपात बेताची हवा भरून सांध्यांवर साबणाचं पाणी! बुडबुडे आले तिथे गळती.

काटा प्रमाणाबाहेर चढला, तर मात्र गाडी पळवू नका. वेस्टगेटची नळी निसटलेली असू शकते. दाबलेल्या हवेपेक्षा पेट्रोलचा दाब वरचढ नसेल, तर पेट्रोल अपुरं पडतं आणि पिस्टनला भोक पडतं.