ज्यांच्याकडे बॉम्ब नाही, त्यांचं म्हणणं



डॉक्टरांच्या संमेलनाच्या अध्यक्षानं रुग्णालयांवरचे हल्ले, विमा कंपन्यांकडे अडकलेली बिलं आणि नोंदणीचे नियम यांवर बोलावं, असा आपल्याकडचा प्रघात आहे. या तिन्हींवर दुपारी ठराव येणार आहेत आणि ते माझ्याहून जाणत्या माणसांनी लिहिले आहेत. त्यामुळे माझा वेळ मी आफ्रिकेतल्या आपल्या व्यवसायबंधूंना आणि त्यांच्यासारख्याच इतर पेशांतल्या काही मंडळींना देणार आहे. अण्वस्त्रं जगातून जावीत म्हणून ही माणसं साठेक वर्षं खपली आहेत. मराठी वर्तमानपत्रांत त्यांच्याबद्दल जवळजवळ काहीच छापून येत नाही.

कार्यक्रमपत्रिका पाहून एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारलं, ‘आफ्रिकेत अणुबॉम्ब आहेत कुठं?’ आज एकाही आफ्रिकी देशाकडे नाहीत. पण बॉम्बचा त्रास मात्र त्या खंडानं भरपूर सोसला आहे. हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बच्या युरेनियमचा मोठा हिस्सा बेल्जियन काँगोतल्या शिंकोलोब्वेच्या खाणीतून गेला होता. फ्रान्सनं आपला पहिला अणुबॉम्ब 13 फेब्रुवारी 1960 रोजी अल्जीरियातल्या रेगानजवळ उडवला. त्याची ताकद सुमारे 70 किलोटन, म्हणजे हिरोशिमाच्या चौपटीहून जास्त होती. वाळवंटातल्या उड्या मारणाऱ्या एका चिमुकल्या उंदराचं नाव त्याला दिलं होतं. पहिल्या चाचणीचा उंदीर निळा, दुसरीचा पांढरा, तिसरीचा तांबडा, असा आपला झेंडाच फ्रेंचांनी वाळवंटात उडवून घेतला.

हा स्फोट होण्याआधीच, डिसेंबर 1959 मध्ये, घानाची राजधानी अक्रा इथून एक तुकडी गाड्यांतून सहाराकडे निघाली. तिच्यात घाना आणि नायजेरियातली माणसं होती, पाद्री मायकेल स्कॉट होते, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चळवळीतले बेयर्ड रस्टिन आणि बिल सदरलँड होते. चाचणीच्या जागी जाऊन बसायचं, मग उडवा म्हणावं बॉम्ब, असा साधा बेत. फ्रेंच वसाहतीच्या हद्दीत शिरल्यावर काही मैलांतच पोलिसांनी त्यांना अडवलं. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा अडवलं. रेगान अजून हजारो किलोमीटर दूर होतं. मोहीम फसली असंच कुणीही म्हणेल. पण तिच्यामागे घानाचे पंतप्रधान एन्क्रुमा यांचं सरकार होतं, त्यांचे अर्थमंत्री ग्बेदेमा उघडपणे पाठीशी होते. स्फोट झाल्यावर घानानं फ्रान्सची मालमत्ता गोठवली. नायजेरिया स्वतंत्र होऊन जेमतेम तीन महिने झाले होते, तरी तिसऱ्या चाचणीनंतर जानेवारी 1961 मध्ये त्यांनी फ्रेंच राजदूताला घरी पाठवलं. मायकेल स्कॉट यांच्याबरोबर पुढे जागतिक शांतिसेनेचे एक अध्यक्ष झाले ते आपले जयप्रकाश नारायण. हा धागा आपल्याकडे फारसा कुणाला ठाऊक नाही.

दुसरी घटना आपल्या व्यवसायाच्या जवळची आहे. 1 मे 1962 रोजी इन एकर इथल्या डोंगराच्या पोटात फ्रेंचांनी भूमिगत स्फोट केला. बोगद्याचं तोंड बंद राहायला हवं होतं, ते फुटलं आणि किरणोत्सारी ढग बाहेर आला. पाहायला आलेले दोन मंत्री, मेसमेर आणि पालेव्स्की, जीव घेऊन पळाले. पालेव्स्की 1984 मध्ये ल्युकेमियानं गेले आणि तो आजार त्या दिवसाचाच, अशी त्यांची शेवटपर्यंत खात्री होती. एका रुग्णावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे आपण सगळे शिकलो आहोत. पण मंत्र्याचा आजार निदान इतिहासात नोंदला गेला. डोंगराच्या पायथ्याशी शेळ्यामेंढ्या चारणाऱ्या तुआरेगांच्या आजारांची नोंद कोण ठेवणार? अल्जीरिया त्याच वर्षी स्वतंत्र झाला, तरी चाचण्या करारानुसार 1966 पर्यंत चालूच राहिल्या. एकूण सतरा. फ्रान्सनं नुकसानभरपाईचा कायदा केला तो 2010 मध्ये, आणि त्याखाली पैसे मिळालेले अल्जीरियन अगदी विरळा.

आता दक्षिण आफ्रिका. वर्णद्वेषी सरकारनं गुपचूप सहा बॉम्ब बनवले, सातव्याचं काम चालू होतं. ते सरकार मोडीत निघण्याआधी त्यांनीच ते मोडून टाकले आणि राष्ट्राध्यक्ष डी क्लर्क यांनी 24 मार्च 1993 रोजी संसदेत तसं जाहीर केलं. स्वतः बनवलेली अण्वस्त्रं स्वतः नष्ट करणारा जगातला हा एकमेव देश, असं कौतुक आपण ऐकतो. कौतुक करा, पण हात राखून करा. शीतयुद्ध संपलं होतं, अंगोलातून क्युबाचं सैन्य परत निघालं होतं आणि हे बॉम्ब उद्या मंडेलांच्या हाती पडतील ही धास्ती होती. यात सद्‌बुद्धीचा भाग किती, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

मला जास्त मोलाची वाटते ती रेनफ्रू ख्रिस्ती यांची गोष्ट. हा गोरा दक्षिण आफ्रिकी विद्यार्थी ऑक्सफर्डला गेला आणि डॉक्टरेटसाठी विषय निवडला आपल्या देशातल्या विजेचा. विषय इतका रुक्ष की कुणाला संशय येऊ नये. पण युरेनियम समृद्ध करायला अफाट वीज लागते. वीज कुठं किती जाते हे कळलं की बॉम्बचं काम कुठवर आलं याचा अंदाज बांधता येतो. वीज महामंडळाची कागदपत्रं प्रबंधाच्या निमित्तानं पाहायची आणि माहिती आफ्रिकन नॅशनल काँग्रेसला पुरवायची, असं ते करत होते. 1979 मध्ये पकडले गेले. छळ करून कबुलीजबाब लिहून घेतला, तर त्यातही त्यांनी अणुकार्यक्रमाबाबत काय करायला हवं त्याच्या शिफारशी घुसडल्या. न्यायाधीशांनी तो कबुलीजबाब भर न्यायालयात वाचून दाखवला आणि ज्यांच्यापर्यंत निरोप जायचा होता त्यांच्यापर्यंत तो गेला! दहा वर्षांची शिक्षा झाली. फाशीघराच्या जवळ ठेवलेल्या त्या माणसानं कैद्यांना फाशी जाताना ऐकलं. तो निरोप पोहोचल्याचं पुढे दिसलं: डिसेंबर 1982 मध्ये केपटाउनजवळच्या कोबर्ग अणुवीज केंद्रात, इंधन भरण्याआधी, चार सुरुंग उडाले. कुणी मेलं नाही. शांततावाद्यांना ही गोष्ट अडचणीची वाटते. मलाही वाटते, पण ती गाळून इतिहास सांगणं मला पटत नाही.

भारतीय वंशाचे अब्दुल मिंती परदेशात राहून वेगळी वाट चालले. दक्षिण आफ्रिकेला लष्करी आणि अणुसाहाय्य मिळू नये म्हणून त्यांनी ऑस्लोहून जागतिक मोहीम चालवली. कुठल्या देशाची कुठली कंपनी काय विकते याच्या फायली ते जमवत राहिले. पुढे लोकशाही आलेल्या दक्षिण आफ्रिकेचे प्रतिनिधी म्हणून ते आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या कार्यकारी मंडळावर बसले. आफ्रिका अण्वस्त्रमुक्त ठेवण्याचा जाहीरनामा 1964 मध्ये कैरोला झाला होता. त्याचा करार होऊन सह्या व्हायला 11 एप्रिल 1996 उजाडलं, तो अमलात यायला जुलै 2009. नायजेरियाचे राजदूत ओलुयेमी अदेनिजी यांनी मसुदा समितीचं अध्यक्षपद सांभाळलं. एवढी वर्षं एका मसुद्याचा पाठपुरावा करायला जो चिवटपणा लागतो, तो मोर्चापेक्षा कमी समजू नका.

बॉम्बचा कच्चा माल जिथून येतो तिथंही माणसं उभी राहिली. नायजरमध्ये आरलितच्या युरेनियमच्या खाणीत काम करणारे अलमुस्तफा अलहासेन यांनी आघिरिनमान ही संस्था काढली. खाणीतलं किरणोत्सारी भंगार गावच्या बाजारात विकलं जात होतं. ते मोजून दाखवायला त्यांनी फ्रान्समधून स्वतंत्र तज्ज्ञ बोलावले. 2003 मध्ये ते उतरले तेव्हा त्यांची उपकरणंच अधिकाऱ्यांनी काढून घेतली. तरी मोजणी झालीच.

आणि आता आपले डॉक्टर. अणुयुद्ध टाळण्यासाठी झटणाऱ्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेला 1985 चं शांततेचं नोबेल मिळालं. तिच्यात नायजेरिया, केनिया, झांबियाचे डॉक्टर आले ते स्वतःचा प्रश्न घेऊन. अणुबॉम्बबद्दल जरूर बोलू, पण आमच्या कॅज्युअल्टीत रोज येतात ती गोळी लागलेली माणसं, त्यांचं काय? नैरोबीचे शल्यविशारद वॉल्टर ओधिआंबो यांनी जबड्यात गोळी घुसलेल्या एकाच रुग्णाचा खर्च मांडला आणि त्या पैशात किती मुलांचं लसीकरण झालं असतं ते लिहून दाखवलं. परिषदांतल्या भाषणांहून हा हिशेब मला भिडला, कारण केसपेपर कसा वाचायचा हे आपल्याला कळतं.

झांबियाचे डॉ. रॉबर्ट म्टोंगा आणि त्यांच्यासारखे डॉक्टर अण्वस्त्रबंदीच्या चळवळीत सरकारांशी बोलत राहिले. 7 जुलै 2017 रोजी 122 देशांनी अण्वस्त्रबंदी करार मंजूर केला, त्यात आफ्रिकी देशांचा मोठा वाटा होता. वाटाघाटींचा ठराव पुढे रेटणाऱ्यांत नायजेरिया आणि दक्षिण आफ्रिका आघाडीवर होते. भारत वाटाघाटींना बसलाच नाही.

आपल्या सीमा पाहता सरकारची अडचण मला समजते. पण याच डॉक्टरांच्या संघटनेनं 2013 मध्ये एक अहवाल काढला. भारत आणि पाकिस्ताननं हिरोशिमाएवढे शंभर बॉम्ब एकमेकांवर टाकले, तर वर जाणाऱ्या काजळीनं जगभर तापमान उतरेल, मका आणि तांदूळ कमी पिकेल आणि दोन अब्ज माणसं उपासमारीच्या कडेला जातील. त्यांत आफ्रिकेतले अर्धपोटी लोक आधी. म्हणजे झांबियातल्या बाईच्या मक्याच्या पिठाचा आपल्या पोखरणशी संबंध आहे. आमचा विषय नाही असं म्हणायची सवड तिला नाही, मग ती आपल्याला कुठून?

मी ठराव मागत नाही, ठराव आपण पुष्कळ करतो. प्रत्येक शाखेनं यंदाच्या सीएमईमध्ये, म्हणजे निरंतर वैद्यकीय शिक्षणाच्या कार्यक्रमात, एक सत्र अणुस्फोटाच्या वैद्यकीय परिणामांसाठी ठेवावं. आपल्या जिल्ह्याच्या रुग्णालयात भाजलेल्यांसाठी किती खाटा आहेत, रक्तपेढीत किती पिशव्या आहेत, हे त्या सत्रात आकड्यांनिशी मांडावं. आणि ते आकडे आपल्या खासदारांना लेखी कळवावेत.