मातेचे आरोग्य आणि गर्भस्थ बालकाची जडणघडण



पर्युषणात कल्पसूत्राचे वाचन श्रवण करणाऱ्यांना त्रिशलामातेचा प्रसंग परिचित आहे. मातेला क्लेश होऊ नयेत म्हणून गर्भस्थ वर्धमान निश्चल झाले. हालचाल थांबताच माता शोकाकुल झाली आणि ते जाणून त्यांनी पुन्हा किंचित स्पंदन केले. त्याच ग्रंथात गर्भवती त्रिशलेच्या आहाराचेही वर्णन आहे. तो अतिशीत नव्हता, अतिउष्ण नव्हता, ऋतूला व प्रकृतीला मानवणारा होता. माता आणि गर्भ यांच्यातील हा संवाद आधुनिक वैद्यकानेही ओळखला आहे. संप्रेरके, म्हणजेच हॉर्मोन्स, हे त्या संवादाचे दूत होत.

गर्भारपणाच्या पहिल्या तिमाहीत बाळाची स्वतःची थायरॉईड ग्रंथी कार्यक्षम झालेली नसते. मेंदूच्या वाढीस लागणारे थायरॉईडचे संप्रेरक त्या काळात मातेकडूनच मिळते. पुढे वार स्वतःची संप्रेरके तयार करते. त्यांच्या प्रभावामुळे मातेच्या शरीरात इन्सुलिनचा परिणाम मुद्दाम कमी होतो, जेणेकरून जेवणानंतरची साखर बाळाकडे अधिक जावी. ही निसर्गाची योजनाच आहे. मात्र मातेच्या स्वादुपिंडाला जादा इन्सुलिन पुरवता आले नाही, तर गर्भारपणातील मधुमेह उद्भवतो. साखर वारेतून बाळापर्यंत पोहोचते, मातेचे इन्सुलिन पोहोचत नाही. मग बाळाचे स्वादुपिंड स्वतःच अधिक इन्सुलिन स्रवते. बाळाच्या अंगी चरबी साठते आणि जन्मानंतर त्याची साखर एकाएकी घसरण्याचा धोका राहतो.

परंतु धोका केवळ साखर वाढलेल्या मातांनाच असतो, असा समज करून घेऊ नये. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३च्या सुमारास पुणे जिल्ह्यातील सहा गावांत एक अभ्यास सुरू केला. तेथील शेतकरी कुटुंबांची राहणी जुन्नर-आंबेगावच्या गावांहून फारशी भिन्न नाही. माता सडपातळ होत्या, सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास. बाळांचे सरासरी जन्मवजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बाळांचे ३.५ किलो होते. आश्चर्य पुढेच आहे. पुण्याच्या बाळांचे स्नायू आणि पोटातील अवयव लहान होते, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला रोड, आतून मेदयुक्त! अशा बाळाला संशोधकांनी ‘थिन-फॅट’ हे नाव दिले. हीच मुले १८ वर्षांची झाल्यावर तपासली, तेव्हा ३७ टक्के मुलग्यांत आणि १८ टक्के मुलींत रक्तशर्करेचे नियमन बिघडलेले आढळले. ती स्थूल नव्हती, हे विशेष.

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. ज्या माता गर्भारपणात दूध, पालेभाज्या आणि फळे अधिक वेळा घेत, त्यांची बाळे आकाराने मोठी होती. शेतातील जड कामे आणि विहिरीवरून पाणी वाहण्याचे कष्ट ज्यांना अधिक, त्यांची लहान. आणि जवळजवळ दोन तृतीयांश मातांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी होते. ज्यांच्यात बी-१२ कमी पण फोलेट जास्त, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला प्रतिरोध सर्वाधिक होता. हे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. याचा अर्थ फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सोडाव्यात असा मुळीच नाही. बाळाच्या मज्जारज्जूच्या रक्षणासाठी त्या हव्यातच. सोबत बी-१२ही हवे, इतकाच अर्थ.

जैन घरांशी या विषयाचा संबंध येथे येतो. वनस्पतिजन्य अन्नात बी-१२ नसते. शाकाहारी कुटुंबात ते दूध, दही, ताक, पनीर यांतूनच मिळते. पेलाभर दुधात ते साधारण एक मायक्रोग्रॅम असते आणि रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची. मंचर, नारायणगाव, ओतूर या भागात दुधाला तोटा नाही. तरीही दूध डेअरीला, मुलांना आणि पुरुषांना जाऊन सुनेच्या वाट्याला चहापुरतेच उरते, असे चित्र अनेक घरांत आढळते. हे दारिद्र्य नव्हे, ही घरातली वाटणी आहे, आणि ती सासूबाईंच्या एका शब्दाने बदलू शकते. रक्ततपासणीत बी-१२ कमी आढळल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या वा इंजेक्शने घ्यावीत; ती कमतरता केवळ दुधाने लवकर भरून येत नाही.

तपश्चर्येविषयीही स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. गर्भवतीच्या रक्तातील साखर उपवासात इतरांपेक्षा लवकर उतरते आणि शरीर चरबी जाळू लागते. आयंबिलात दूध-दही वर्ज्य असते. चौविहारामुळे रात्रभर पाणीही नसते. इन्सुलिन घेणाऱ्या मातेने तर डॉक्टरांना न सांगता यांपैकी काहीही करणे घातक ठरू शकते. पच्चक्खाणाच्या पाठातच स्वास्थ्य व समाधीसाठी आगार ठेवलेले आहेत. साधू-साध्वी भगवंतांना प्रकृतीची स्थिती मोकळेपणाने निवेदन करावी. दोन जिवांची जबाबदारी असताना तप पुढे ढकलणे म्हणजे श्रद्धेचा अभाव नव्हे.

तपासणीची पद्धत सोपी आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचे आणि दोन तासांनी रक्त द्यायचे. त्यासाठी उपाशीपोटी जाण्याची गरज नाही. साखर १४० किंवा त्याहून अधिक आल्यास गर्भारपणातील मधुमेह समजून उपचार सुरू होतात. पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत ही तपासणी व्हावी, असे शासनाचे मार्गदर्शन आहे. दुसरी तपासणी अनेकदा राहून जाते, कारण सातव्या महिन्यात लेक माहेरी आलेली असते आणि कागद सासरीच असतात. ते कागद सोबत द्यावेत. मधुमेह आढळलेल्या मातेची प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी, आणि पुढेही वेळोवेळी.