परिचारिकेचे ज्ञान आणि परिचारिकेचा अधिकार



निवृत्त डॉक्टरला व्याख्यानाला बोलावले की तो मधुमेहावर नाही तर रक्तदाबावर बोलणार, अशी श्रोत्यांची खात्रीच असते. आज मी त्या दोन्ही विषयांना सुट्टी दिली आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती लोकांनी नवे विचार ऐकावेत आणि पारखून घ्यावेत म्हणून. तोच वसा आपल्या गावानेही घेतला आहे. तेव्हा मीही आज आपल्यापुढे एक नवी गोष्ट पारखण्यासाठी ठेवणार आहे.

ती गोष्ट अशी. अमेरिकेत नोकरी करणारी एखादी परिचारिका आपल्या घरी, संगणकासमोर बसून, दोन-तीन वर्षांत पदव्युत्तर शिक्षण घेते. ते पुरे झाले, परीक्षा उतरली आणि राज्याचा परवाना मिळाला, की ती अतिदक्षता विभागातील रोग्याला तपासते, निदान करते आणि औषधयोजनाही करते. तिला तेथे 'अ‍ॅक्यूट केअर नर्स प्रॅक्टिशनर' म्हणतात. मी तिला 'चिकित्सक-परिचारिका' म्हणेन.

हे ऐकून आपल्या मनात दोन प्रश्न उभे राहिले असतील. परिचारिकेने डॉक्टरचे काम करावेच का? आणि करायचेच असेल, तर ते घरबसल्या शिकता कसे येईल? पोहणे टपालाने शिकता येत नाही, मग मरणाच्या दारातल्या माणसाला परत आणण्याची विद्या तारेवरून कशी येणार? हे दोन्ही प्रश्न मी स्वतः पुष्कळ वर्षे विचारीत होतो. त्यांची उत्तरे शोधताना मला माझ्याच आयुष्यातील एका रात्रीकडे परत जावे लागले. ती हकिगत प्रथम सांगतो. ती माझ्या मोठेपणाची नाही.

तीस-पस्तीस वर्षांपूर्वी मी एका लहान इस्पितळात होतो. पोटाची शस्त्रक्रिया होऊन दोन दिवस झालेला, चाळिशीचा एक शेतकरी तेथे होता. शस्त्रक्रिया दुसऱ्यांनी केली होती, रात्रीची जबाबदारी माझी होती. पहाटे दोनच्या सुमारास सिस्टरांचा फोन आला. "डॉक्टर, हा पेशंट मला बरा वाटत नाही. श्वास भराभर चाललाय, उगाच पांघरूण ओढून टाकतोय." मी नाडी विचारली. एकशे दहा. रक्तदाब विचारला. "तो ठीक आहे, डॉक्टर." मी म्हणालो, "मग सकाळी पाहू, सिस्टर." त्या क्षणभर थांबल्या आणि "बरं" म्हणाल्या. सकाळी मी गेलो तेव्हा रक्तदाब कोसळला होता. आतड्याचा टाका सुटून विष पोटभर पसरले होते. तिसऱ्या दिवशी तो माणूस गेला.

मला कोणी दोष दिला नाही. सिस्टरही त्या फोनविषयी पुन्हा बोलल्या नाहीत. पण त्यांचे ते "बरं" माझ्या कानांत राहून गेले. त्यांना काहीतरी समजले होते. जे समजले त्याचे नाव सांगण्याइतके शिक्षण त्यांना कोणी दिले नव्हते, आणि "तुम्ही आत्ता यायलाच हवे" असे म्हणण्याचा अधिकारही कोणी दिला नव्हता. आजच्या व्याख्यानाचा विषय म्हणजे एवढ्याच दोन गोष्टी: ते शिक्षण आणि तो अधिकार.

आपल्याकडे चरकाने चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाच्या अंगी स्वच्छता, दक्षता आणि रोग्याविषयी ममता असावी, असे तो म्हणतो. परंतु त्या यादीत उपचाराचे ज्ञानही आहे, याचा आपल्याला विसर पडला. ममता आपण परिचारिकेकडे मागितली, स्वच्छता मागितली, ज्ञान मात्र डॉक्टरांनी आपल्यापाशी ठेवले.

अमेरिकेत ही वाटणी बदलू लागली ती १९६५ साली. कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या सार्वजनिक आरोग्याच्या परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी मिळून मुलांची तपासणी व उपचार करू शकणाऱ्या परिचारिकांचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. खेड्यापाड्यांतून डॉक्टर नव्हते आणि परिचारिका होत्या, हे त्याचे साधे कारण. त्यावर टीका पुष्कळ झाली, डॉक्टरांनी केली तशी काही परिचारिकांनीही केली. फोर्डबाई २०२५ साली वयाच्या १०४व्या वर्षी वारल्या, तेव्हा त्यांनी लावलेल्या रोपाच्या फांद्या लाखोंनी मोजाव्या लागत होत्या.

हे काम आधी दवाखान्यापुरते होते. मोठ्या रुग्णालयांत ते शिरले १९९०च्या दशकात, आणि या शाखेची राष्ट्रीय परीक्षा १९९५ साली सुरू झाली. पुढे २००३ साली तेथील शिकाऊ डॉक्टरांच्या कामावर आठवड्याला सरासरी ८० तासांची मर्यादा आली. थकलेल्या माणसाच्या हातून चुका होतात, म्हणून ती आली आणि योग्यच आली. पण त्यामुळे रात्री रोग्याजवळ कोण, हा प्रश्न अधिक निकडीचा झाला आणि चिकित्सक-परिचारिकेची मागणी वाढली. २००८ साली तेथील परिचर्या-संस्थांनी एकमताने असे ठरविले की, नेहमीच्या तक्रारींची चिकित्सा आणि तीव्र आजाराची चिकित्सा यांचे शिक्षण वेगळे असावे, परीक्षाही वेगळी असावी. काम कोणत्या इमारतीत चालते याला महत्त्व नाही. रोग्याची प्रकृती स्थिर आहे की घटकेघटकेला बदलते आहे, हे पाहून कोणी काय करायचे ते ठरते.

आता घरबसल्या शिक्षणाकडे वळू. दूर राहून शिकण्याची ही रीत त्या देशात काल-परवाची नाही. केंटकीच्या डोंगराळ मुलुखात मेरी ब्रेकिन्रिज या बाईंनी १९२५ साली एक संस्था काढली. तिच्या परिचारिका घोड्यावर बसून, ओढे ओलांडून बाळंतिणींकडे जात. त्याच परंपरेतील शाळेने १९८९ साली आपल्या गावातच राहून सुईणपणाचे उच्च शिक्षण घेता येईल अशी व्यवस्था केली. विचार सरळ होता. खेड्यातील परिचारिकेला दोन वर्षे शहरात बोलावले, तर पुष्कळजणी येणारच नाहीत, आणि येतील त्यांतल्या कित्येक परत जाणार नाहीत. तेव्हा शिक्षणानेच गावाला जावे. पुढे संगणकाने ती वाट रुंद केली.

माझी भाची अमेरिकेत अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. आठवड्यातून तीन रात्री बारा-बारा तास काम, घरी दोन मुले, आणि कॉलेज विमानाने तीन तासांच्या अंतरावर. मी तिच्याकडे राहायला गेलो तेव्हा तिचा अभ्यास चालू होता. स्वयंपाकघरातल्या टेबलावर एका बाजूला पोळ्यांचा डबा आणि दुसऱ्या बाजूला पडद्यावर व्याख्यान. परीक्षेच्या वेळी खोली बंद, समोर कॅमेरा आणि टेबलावर एक कागदही नाही. मी तिला चिडवण्यासाठी म्हटले, "अगं, पडद्यावर डॉक्टरकी कसली शिकतेस?"

ती म्हणाली, "मामा, बसा जरा. आज काय होतं ते ऐका तरी."

त्या दिवशी विषय होता रोगामागच्या शरीरक्रियांचा. या शिक्षणाचे तीन पायाभूत विषय आहेत: रोगात शरीर कसे बिघडते, औषध कसे काम करते, आणि रोगी नखशिखांत कसा तपासावा. प्राध्यापिका समजावून सांगत होत्या की, जंतूंचे विष अंगात पसरले की पेशींना प्राणवायू पुरत नाही, रक्तात आम्ल साठू लागते, आणि ते उडवून लावण्यासाठी श्वास जलद होतो. हृदय धावू लागते. मेंदूला कमी पडले की माणूस अस्वस्थ होतो, पांघरूण ओढतो. ही धडपड चालते तोवर शरीर रक्तदाब कसाबसा सावरून धरते. रक्तदाब ही पुष्कळदा शेवटी पडणारी भिंत असते. ती पडण्याची वाट पाहणारा उशिरा पोहोचतो.

श्रोतेहो, मी त्या टेबलापाशी बसून राहिलो. माझ्या शेतकऱ्याचा श्वास, त्याची नाडी, त्याचे ते पांघरूण, सारे त्या पडद्यावर होते. हे मी कॉलेजात शिकलो होतो, पण त्या रात्री मला ते आठवले नव्हते. आणि ज्यांनी ते डोळ्यांनी पाहिले होते, त्यांना ते कोणी शिकवले नव्हते. ज्ञान तारेवरून येते की नाही, या प्रश्नाचे उत्तर मला तेथे मिळाले. ते येते.

परंतु हात तारेवरून येत नाही, आणि ही गोष्ट तेथील शहाण्या माणसांनी ओळखली आहे. भाचीला दोनदा कॉलेजात प्रत्यक्ष जावे लागले. श्वासनलिकेत नळी घालणे, मानेतील मोठ्या शिरेत सुई नेणे, हे तिने तेथे पुतळ्यावर पुन्हा पुन्हा केले. त्याखेरीज प्रत्यक्ष रोग्यांवरचे काम वेगळेच. पूर्वी ते निदान ५०० तास असे, २०२२च्या राष्ट्रीय निकषांनी ते निदान ७५० तास केले. ते आपल्या गावाजवळच्या रुग्णालयात, अनुभवी डॉक्टरच्या किंवा चिकित्सक-परिचारिकेच्या देखरेखीखाली करावयाचे. अशा मार्गदर्शकाला ते 'प्रिसेप्टर' म्हणतात. आपल्या भाषेत गुरू म्हणा.

भाचीने मला तिच्या पहिल्या दिवसाची गोष्ट सांगितली. रोगी धापा टाकीत होता. तिने गुरूंना नाडी, श्वास, रक्तदाब असे सगळे आकडे घडाघडा सांगितले. गुरू म्हणाले, "आकडे समजले. तुला काय वाटते? आणि तू काय करशील?" ती म्हणाली, "मामा, इतक्या वर्षांत हे मला कोणी विचारलंच नव्हतं. माझी वाचाच बसली." मग चाचरत ती म्हणाली, न्यूमोनिया असेल, फुप्फुसात रक्ताची गुठळी असेल, किंवा हृदयाला भार पेलत नसेल. यांतले कोणते आधी नाकारायचे आणि कशाने, तेही तिला सांगावे लागले. ७५० तास म्हणजे हाच प्रश्न शेकडो वेळा. आपल्या मताची जबाबदारी घ्यायला ती अशी शिकली.

या पद्धतीची दुसरी बाजूही आपल्यापुढे ठेवली पाहिजे. काही संस्था फी घेतात आणि गुरू शोधण्याचे काम विद्यार्थिनीवरच टाकतात. ती बिचारी दारोदार अर्ज करीत फिरते, आणि मिळेल त्याच्या हाताखाली तास भरते. तास भरणे आणि विद्या येणे या दोन गोष्टी एक नव्हेत. शिवाय ७५० तास हे डॉक्टरच्या अनेक वर्षांच्या उमेदवारीपुढे थोडेच. म्हणूनच या शाखेत येण्याआधी अतिदक्षता विभागात वर्ष-दोन वर्षे काम केलेले असावे, अशी अट पुष्कळ कॉलेजे घालतात. न्यू यॉर्कमध्ये १,३१६ रुग्णांची पाहणी करून २००० साली असे दाखविले गेले की, चिकित्सक-परिचारिकांकडे गेलेल्या आणि डॉक्टरांकडे गेलेल्या रुग्णांच्या प्रकृतीत सहा महिन्यांनंतर लक्षात घेण्याजोगा फरक नव्हता. पण ते रोगी दवाखान्यात चालत येणारे होते. त्यावरून अतिदक्षता विभागातही तसेच होईल, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. तेथे ती डॉक्टरांच्या जोडीनेच काम करते, आणि ते योग्य आहे.

आता आपल्या घराकडे. सावित्रीबाई फुले १८९७ साली प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना गेल्या. १९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली सेवासदन उभे राहिले आणि तेथील स्त्रिया ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागल्या, तेव्हा भल्या घरच्या बायकांनी परक्यांचे मळ काढावेत काय, असे विचारणारे लोक होते. आज तो प्रश्न विचारायची कोणाची छाती नाही. आजचा प्रश्न पुढचा आहे: परिचारिकेने निदान करावे काय?

भारतीय परिचर्या परिषदेने २०१६-१७च्या सुमारास अतिदक्षता विभागातील चिकित्सक-परिचारिकांसाठी दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला. त्यात सुमारे ८० टक्के वेळ रोग्यांजवळच्या कामाला आणि २० टक्के व्याख्यानांना दिला आहे. हातावर भर देणारा हा अभ्यासक्रम मला पसंत आहे. २०२३ साली परिचर्येविषयीचा नवा कायदाही संसदेने केला. पण शिकून बाहेर पडलेल्या मुलीसाठी त्या नावाचे पद, त्या कामाचा अधिकार आणि त्या जबाबदारीचा पगार आपल्या रुग्णालयांत अजून रुजलेला नाही. ती पुष्कळदा पूर्वीच्याच खुर्चीवर जाऊन बसते आणि पूर्वीसारखेच "बरं" म्हणते. तिला शिकवायचे आणि मग गप्प बसवायचे, हा खर्चही वाया आणि माणूसही वाया.

या सभेत रुग्णालयांचे विश्वस्त बसले आहेत, डॉक्टर मित्र बसले आहेत, आणि ज्यांना कधी ना कधी खाटेवर पडावे लागणार आहे असे तर आपण सगळेच बसलो आहोत. अमेरिकेचे सारे उचलून आणा, असे माझे म्हणणे नाही. कायदा पूर्णपणे अमलात येईल तेव्हा येईल. तोवर तीन गोष्टी आपल्या हातच्या आहेत. आपल्या परिचारिकांना पुढे शिकायला रजा आणि पैसा द्या. व्याख्याने घरी पडद्यावर ऐकता येत असतील तर फारच उत्तम, मात्र रोग्याजवळ शिकवणारा गुरू आपल्या रुग्णालयाने द्यावा. तिची शंका, कारणासह आणि वेळेसह, रोग्याच्या कागदावर लिहिली जाऊ द्या. आणि असा नियम करा की, रात्री परिचारिकेने "मला हा रोगी बरा वाटत नाही" असे म्हटले तर डॉक्टरने उठून यावे, आकडे कितीही चांगले असोत.

या तिसऱ्या नियमाला एक पैसाही लागत नाही. तो त्या रात्री असता, तर एक शेतकरी कदाचित आपल्या घरी परत गेला असता. त्या सिस्टर आता हयात नाहीत. त्यांना जे विचारायचे राहून गेले, ते त्यांच्या जागी आज काम करणाऱ्या मुलींना आपण विचारावे: सिस्टर, तुम्हाला काय वाटते?